कडेचा हात

“घरात एखादा तरी फोटो असेलच,” कमलाकांत म्हणाला.

“नाय. काढूचो ऱ्हवलो,” शेवंती म्हणाली. “म्हणान तुमच्याकडे इलंय. तुमच्या मासिकात त्येंचे फोटो येत होते.”

गिरगावातल्या त्या संगीताच्या मासिकाची पानं कमलाकांत बारा वर्षं लावत होता. शेवंतीचा नवरा रघू, लालबागचा तबलजी, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर जानेवारीत झालेल्या गोळीबारात गेला. येत्या अंकात त्याच्यासाठी काळी चौकट राखली होती. तिच्यात घालायला चेहरा नव्हता.

शेवंतीने कडेवरच्या मुलीला टेबलावर बसवलं आणि पिशवीतून जपून ठेवलेले अंक काढले. सगळ्यांत मधली दोन पानं एकाच साच्याची. डावीकडे तंबोरा घेतलेला गवई, उजवीकडे मजकूर. गवयाने मजकुराकडे पाहायचं, पानाबाहेर नाही. त्याच्या शेजारी दुसरं डोकं नको, वाचकाची नजर फुटते. हे नियम कमलाकांतचेच होते आणि त्यांचा त्याला गर्वही होता.

तिने फोटोच्या कडेला बोट ठेवलं. तबल्यावर एक हात, मनगटापर्यंत.

“ह्यो त्येंचो.”

दुसऱ्या अंकातही हातच. तिसऱ्यात नुसती बोटं, कारण त्या महिन्यात जाहिरात मोठी होती.

कमलाकांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कात्री त्याचीच. सकाळी तो दोन फोटोवाल्यांकडे जाऊन आला होता, पण जुन्या निगेटिव्ह कुणीच ठेवल्या नव्हत्या.

“ह्या चेडवाक बापाशीचां त्वांड कसां दाखवू?” शेवंतीने मुलीच्या डोक्यावर हात ठेवत विचारलं. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

“कापलेले तुकडे खंय टाकतास?”

त्याने टेबलाखालची टोपली दाखवली. “रोज शेगडी पेटवायला जातात. पानं चिकटवायची खळ शिजवायची असते ना. ह्यात फक्त आजचे आहेत.”

तरी ती खाली बसली. एकेक कपटा उचलून, उलटून पाहू लागली. बऱ्याच वेळाने तिने एक तुकडा वर धरला. पांढऱ्या मिशांचा, मान कलती करून ऐकणारा एक सारंगीवाला.

“ह्यो कोण?”

कमलाकांतने पाहिलं. नाव त्याला ठाऊक नव्हतं.

शेवंतीने तुकडा पदराने पुसला आणि त्याच्यासमोर ठेवला.

“ह्यो नीट ठेवा,” ती म्हणाली. “ह्येच्या घरची माणसां येतली.”