बरणीवरची बुरशी

ही द्वारका म्हणजे तोंडाला कुलूप. चार बायका कामाला बसल्या की चार गोष्टी निघतात. ही नुसती मान हलवणार. मनकर्णाबाईंच्या ती आल्या दिवसापासून डोक्यात जायची.

आज तर हद्द झाली. गुलमंडीच्या दुकानदारानं लोणच्याच्या सगळ्या बरण्या रिक्षात घालून परत धाडल्या. झाकण काढावं, तर पांढरी बुरशी.

बचत गटाची रीत मनकर्णाबाईंनीच घालून दिलेली. जिचा हात चुकला, तिला त्या चुकीचं नाव पडायचं. मसाला जाळला ती जळकी आवडा. मीठ दोनदा घातलं ती खारी रईसा. दिवसभर हाका चालायच्या, त्यामुळं मसाला पुन्हा कुणी जाळला नव्हता. मनकर्णाबाईंना याचा भारी अभिमान.

"कुणाची पळी ओली होती?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवटी द्वारकाच बोलली. "माझी. पहिल्या बरणीवर पांढरं दिसलं. वरचं काढून टाकलं, वरून तेल ओतलं."

"अन् तीच पळी बाकीच्या बरण्यांत घातली?"

तिनं होकाराची मान हलवली.

"तवाच का नाय सांगितलं गं?"

"नाव पडलं असतं, काकू."

आवडा फस्सकन हसली. रईसानं मात्र ओढणी तोंडाशी धरली आणि खाली बघत राहिली.

मनकर्णाबाईंना कळलं नाही असं नाही. चांगलंच कळलं. पण एवढ्या बायकांदेखत नमतं घ्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पदर खोचला.

ते बघून द्वारकानं त्यांचे पायच धरले. "मला बी नाव ठेवा, काकू. ओली म्हणा, कुजकी म्हणा. पण कामावरून काढू नका. घरी बसले तर नवरा ऊसतोडीला नेईल, पोरीची शाळा सुटंल."

मनकर्णाबाईंनी पाय मागं घेतला.

"नाव चुकलेल्या बाईला असतंय. तिच्याकडं बघून बाकीच्या शिकत्यात. तुझ्याकडं बघून काय शिकायचं, झाकायला? ऊठ, घरी जा. आवडाला आम्ही मरंस्तोवर जळकी म्हणू. तुला उद्यापासून इथं कुणी कशानंच हाक मारायची नाय."