दुसरा दगड

चाक ओल्या मातीत रुतलं आणि विमान नाकावर आपटलं. एक पंख तुटून लांब फेकला गेला. इंजिन बंद पडल्यावर शिकाऊ वैमानिक चंचलने पांढुर्ण्याजवळ दिसेल ते मोकळं रान धरलं होतं. ते निघालं गुणवंताचं भुईमुगाचं शेत.

चंचल फुटक्या दारातून बाहेर पडली. कपाळ फुटलेलं, कानांतून रक्त. पाठीमागे पेट्रोलचा भपका. रस्त्यावर जमलेले लोक "पळ, पळ!" म्हणून हात करत होते. ती जीव खाऊन त्यांच्याकडेच पळत सुटली.

मध्ये बांधावर गुणवंताची बारीक तार होती. रानडुकरांसाठी तो रात्री तिच्यात करंट सोडायचा आणि सकाळी बंद करायचा. आज बंद करायचा राहिला होता. बटण पार दुसऱ्या टोकाला, विहिरीवर.

"थांब वं पोरी! तार हाये!" गुणवंता शेतातून बोंबलला. तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पांढुर्ण्याच्या गोटमारीत, नदीपलीकडच्या गावावर दगड फेकत हा माणूस म्हातारा झालेला. डोकी फोडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने दगड उचलला आणि तिच्या गुडघ्यावर नेम धरला. हाड कडकन वाजलं. चंचल तारेच्या हातभर अलीकडे कोसळली.

रस्त्यावरच्यांना तार दिसलीच नाही. दिसला तो रक्तबंबाळ पोरीला दगड मारणारा राक्षस.

"हाणा साल्याले!"

सगळे बांधाकडे धावले. सर्वांत पुढे गुणवंताचाच मुलगा विनोद. बापाचा डबा घेऊन आला होता बिचारा. शरमेने त्याचं तोंड लाल झालं होतं.

"बाबा, काय करून राहिले तुमी!"

"मांगं हो, विन्या! तारेत करंट हाये!"

"कायचा करंट? मांगच्या साली तारेले चिकटून बैल मेला तवा, पुन्हा करंट सोडनार नाही म्हणून जामसावळीच्या मारुतीसमोर शपथ घेतली होती नं तुमी!"

जगात एवढा एकच माणूस गुणवंताच्या शपथेवर विश्वास ठेवणारा. तार बाजूला सारायला तो वाकला.

गुणवंताच्या मुठीत दुसरा दगड आला होता. अंतर तेवढंच होतं, नेमही बसला होता. पण परक्याच्या पोरीवर झटक्यात सुटलेला हात पोटच्या पोरावर काही सुटेना.

विनोदने तार धरली.