क्रेडिट कार्डाच्या पाठीवरची सही

संध्याकाळी कीर्तन, आणि मंडळाचा मृदंग फाटलेला! म्हणून वरणगावच्या, भिकुबाई पाटील याच नावाच्या दोघी जळगावला सुगनचंदशेठच्या वाद्यांच्या दुकानात आल्या. थोरलीने मृदंग निवडला, धाकटीने टाळ. दोघींनी कार्डं काउंटरवर ठेवली. नाव, बँक, रंग, बठ्ठं सारखं. थोरलीचा पिन दोनदा चुकला. "अक्का, आणखी चुकला तर कार्ड बंद! अदलाबदल नाही ना झाली?" शेठ म्हणाले. थोरली हबकली, मृदंगाविना कीर्तन? तिने कार्ड उलटलं, पाठ कोरी. दुसरं उलटलं, तर वर श्री, खाली तिची ठसठशीत सही! मोकळी जागा श्रीविना ठेवायची कशी, म्हणून केलेली. सून तेव्हा हसली होती: "आत्या, हल्ली सही बघतं कोण?" "हाई मनं शे!" थोरली आपलं कार्ड उचलून गरजली आणि त्यावर पिन दाबला. पावती सरसरत आली, मृदंगावर थाप पडली, दुकानात विठ्ठलनाम दुमदुमलं. धाकटी आपलं कोरं कार्ड उलटत म्हणाली, "शेठ, टाळ मागाहून, आधी पेन द्या!"