कानातली सवत

“काय आवाज आहे बाईचा!” नवरा म्हणाला, आणि तिनं कॉफीचा कप त्याच्यासमोर जरा जास्तच जोरात ठेवला.

त्यानं सिनेमा शेवटाच्या तोंडावर थांबवला होता. बाहेर टळटळीत ऊन होतं आणि घरात पडदे ओढलेले. त्याला उजेड काय नि अंधार काय, दोन्ही सारखेच. पण भयपट म्हटला की पडदे ओढायचेच, हा त्याचा हट्ट. अंध प्रेक्षकांसाठीच्या एका साइटवर तो नव्या भयपटांची परीक्षणं लिहायचा. सिनेमाला तारे वेगळे, दृश्यवर्णनाला वेगळे. संवादांच्या फटीत शिरून पडद्यावर काय चाललंय ते कानात सांगणारा आवाज, ते दृश्यवर्णन. हल्ली बरेचसे सिनेमे ही एकच बाई सांगायची. सिनेमा टुकार निघाला तरी बाईला पाचपैकी पाच ठरलेले.

त्याआधी ही जागा बायकोची होती. सोफ्यावर त्याच्या डाव्या कानाशी बसून तिनं वर्षानुवर्षं सिनेमे सांगितले होते. हेडफोन आले आणि तिच्याकडे उरले फक्त पडदे आणि कॉफी. सवत निदान दारातून तरी येते. ही परस्पर नवऱ्याच्या कानात जाऊन बसली होती.

परवा तो अंघोळीला गेलेला बघून तिनं हेडफोन स्वतःच्या कानाला लावले. आवाज लाडीगोडीचा असेल, मनसोक्त नावं ठेवता येतील, अशी आशा होती. पण आवाज साधा होता, आणि चांगला होता. त्याचाच जास्त राग आला. संध्याकाळी कांदा चिरताना ती हळूच त्या चालीवर बोलून बघत होती, “सुरी उचलली जाते. कांदा दुभंगतो.” स्वतःचं ऐकून तिला स्वतःचीच कीव आली.

“बाईचं कसब बघ,” तो आता सांगत होता. “हात खांद्यावर पडला की मगच सांगते. बाकीचे आधीच सांगून दचकायची मजा घालवतात.”

“मीही आधी सांगायचे नाही.”

“तू नंतरही सांगायची नाहीस. डोळे मिटून घ्यायचीस.”

“कोण म्हणतं?”

“तुझा आवाज उशीतून यायचा.”

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. “मग मला किती तारे देशील?”

तो हसला असता तर तिनं सोडून दिलं असतं. पण तो कपाच्या कडेवरून बोट फिरवत खरोखरच विचार करायला लागला.

“दोन.”

“दोन! घसा बसेस्तोवर सांगितलंय मी तुला!”

“तळघरातल्या मुलीचा सिनेमा आठवतो? माझे डोळे गेल्यानंतरचा पहिला. तू सांगितलंस, आई दार फोडते आणि मुलीला उचलून बाहेर उन्हात आणते.”

त्यानं उरलेली कॉफी संपवली.

“मागच्या महिन्यात तोच या बाईच्या वर्णनासकट ऐकला. आई दार फोडते. आत मुलगी नसते. नुसते तिचे बूट असतात. मग मी एकेक जुना काढून ऐकला. एकूण एक शेवट तुझ्या घरचा! तुझ्या सिनेमांत कुणी मरतच नाही. आणि मी तसंच लिहून मोकळा. शेवट फुटू नये म्हणून मी मुद्दाम खोटा लिहितो, असं समजून लोक माझी पाठ थोपटायचे.”

“तू तेव्हा धड जेवत नव्हतास,” ती म्हणाली. “दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचास. त्यात तुला मेलेली पोर सांगू?”

त्यानं हेडफोन चढवले आणि सिनेमा पुढे सुरू केला.

झालं. आपली खरी लायकी दोन ताऱ्यांची, हे तिला कळून चुकलं. ती रिकामा कप उचलून निघाली, पण दारातच थांबली. त्या बाईपेक्षा निदान बघण्यात तरी कमी पडायचं नाही, म्हणून या वेळी तिनं डोळे उघडे ठेवून बघितलं. तळ्याच्या मधोमध मुलगा गटांगळ्या खात होता. बाप काठावरून हाका मारत पाण्यात शिरला. थोड्या वेळानं पाणी हलायचं थांबलं, आणि बाप कमरेइतक्या पाण्यात नुसताच उभा राहिला. कानातली बाई हे सगळं अगदी नेमकं सांगत असणार. नवऱ्याच्या हाताची मूठ गुडघ्यावर आवळलेली होती.

पडद्यावर नावं सरकायला लागली. त्यानं हेडफोन काढून बाजूला ठेवले आणि सोफ्यावर आपल्या डावीकडे हात थोपटला.

“ये, बस इथे. आता तू सांग. वाचला ना पोरगा?”

ती येऊन बसली. समोर काळ्या पडद्यावर नुसती नावं होती.

“वाचला की,” ती म्हणाली. “काठावर बसलाय. बापानं टॉवेलात गुंडाळलाय. दात कडकडा वाजतायत, तरी बडबड चालूच आहे.”

“आणि बाप?”

“रागावतोय. पण त्याला हसूही येतंय.”

नवऱ्यानं मान हलवली. चाचपडत फोन शोधला, आणि परीक्षण सांगायला सुरुवात केली.

“वर्णन नेमकं, आवाज उत्तम. पण एक तारा कापतोय. बाईला शेवट सांगता येत नाही.”