वीस मिनिटं

"दुखतो गुडघा आणि पिळता मांडी. हा कुठला न्याय, टीचर?"

गौरवी पुटपुटली ती टीचरच्या कानाशीच. सुविधा टीचरनं तिचा पाय आपल्या खांद्यावर घेतला होता आणि ती तो हळूहळू पुढे रेटत होती. सर्वण गावच्या शाळेच्या व्हरांड्यात चटई घातली होती. दोन हातांवर, पायरीवर, गौरवीचा बाप श्रीनाथ बसला होता. त्याच्या मांडीवर गरम उंड्यांची, पावांची, पिशवी. टीचर सुट्टीची झोप मोडून पोरीसाठी येते, तिच्यापुढे रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून त्यानं वाटेत पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल अडवली होती.

"मांडी मागून दोरीसारखी ताठ झालीय. ती सगळा ओढा गुडघ्यावर टाकते," टीचर म्हणाली. "गप पड गो. श्वास सोड."

पाय आणखी बोटभर वर गेला. गौरवीनं ओठ चावला. ते बघून श्रीनाथनंही चावला.

टीचर उठली ती भिंतीला धरून. एकेकाळी तीही धावायची. तिला कोणी असं चटईवर झोपवलं नव्हतं. उठताना तिचा डावा गुडघा कट्‌कन वाजला. मुली त्याला हसत, आणि सगळ्यांत आधी ती स्वतः हसे. आज ती हसली नाही.

"दोन आठवडे धावणं बंद. शर्यत पुढच्या महिन्यात आहे, तोवर सुधारेल. पण खरं सांग, घरी करत होतीस ना? धावण्याआधी अंग गरम करायचं, धावून आल्यावर ताण द्यायचा. रोज?"

गौरवीनं छपराकडे बघितलं. "कधीकधी चुकलं."

"कधीकधी?"

"बऱ्याचदा. कंटाळा यायचा."

टीचरचा नियम साऱ्या मुलींना पाठ होता. घरी अंगचोरी करणारीचं नाव शर्यतीच्या यादीत राहत नाही. टीचरनं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि नजर श्रीनाथकडे जाणार नाही अशी बेतानं वहीत ठेवली.

टीचर आपल्याकडे का बघत नाही, हे श्रीनाथला कळत होतं. मागच्याच सोमवारी टीचरची स्कूटर डिचोलीच्या वाटेवर त्यांना ओलांडून गेली होती. पोर अंथरुणातून उठून थेट चढावर धावत होती आणि हा मागून टेम्पोचा हॉर्न मारत होता. टीचरला त्यानं हौसेनं हातही केला होता.

टीचर एक शब्द बोलली नव्हती. चार वर्षं मुलींना शर्यतींना नेणं-आणणं त्याच्या टेम्पोतून चाललं होतं. अशा माणसाला तोंडावर काय सांगायचं?

"कंटाळाच ना? नक्की?" टीचरनं पुन्हा विचारलं.

"नक्की," गौरवी म्हणाली.

श्रीनाथनं सतरा वर्षं खाणीवर ट्रक चालवला होता. सकाळी इंजिन तापल्याशिवाय त्यानं तो कधी चढावर घातला नव्हता, मुकादमानं कितीही शिव्या घातल्या तरी. आणि इथे एक पंधरा वर्षांची पोर त्याच्यासाठी खोटं बोलत होती, आणि एक शिकलीसवरलेली बाई ते खोटं मुकाट्यानं ऐकून घेत होती. आपल्यासाठी एवढं कोणी कधी केलं होतं, ते त्याला आठवेना.

त्यानं पिशवी पायरीवर ठेवली आणि तो उभा राहिला.

"टीचर, नाव खोडू नका."

"पप्पा, तुम्ही बसा बघू," गौरवी घाईनं म्हणाली.

"तू थांब, बाय. तू माझी लाज राखलीस, यांनीही राखली. देव तुमचं बरं करो. पण आता पुरे." त्यानं टीचरकडे पाहिलं. "कंटाळा तिला नव्हता. ती करायला बसली की मी ओरडायचो, वीस मिनिटं फुकट जातात म्हणून. तो गुडघा माझ्यामुळे दुखतोय."