मनकर्णाबाईची हाक

तानबानं तिळगूळ घेतला नाही. सुधाताईंनी वाटी पुढे केली तसा तो मागे सरकला आणि दोन्ही हात पाठीशी नेले.

"घ्या हो, संक्रांतीचा आहे."

"नाई पायजे मले."

शरयूनं हे सभागृहाच्या दारातून पाहिलं. अजून रथसप्तमी व्हायची होती, अख्खं वर्धा एकमेकांशी गोड बोलत होतं, आणि हा माणूस अल्लीपूरहून इतक्या लांब येऊन तिळगूळ नाकारत होता. आणखी काय सांगायचं असतं कुणी?

निरोप तर पंधरवड्यापूर्वीच आला होता. अल्लीपूरचा किराणावाला हिरालाल वर्ध्याच्या बाजाराला आला, तेव्हा शरयूच्या सिंदी मेघेच्या घरी वाकडी वाट करून सांगून गेला, "तानबाजी म्हणून राह्यले का तेवढा तुकडा कापून टाका. नाई तं पडदाच फाडतो म्हणते."

तेवढा तुकडा म्हणजे चित्रपटाचा शेवट. शरयूनं दोन वर्षांपूर्वी तानबाच्या आईवर, मनकर्णाबाईवर, अर्ध्या तासाचा चित्रपट केला होता. फोटोनं आयुष्य घटतं म्हणून म्हातारीनं जन्मात फोटो काढू दिला नव्हता. सिनेमाला मात्र एका पायावर तयार झाली. "यात तं मी चालून-फिरून राह्यली. याच्यानं काय होते!" वावर तिच्या नावावर होतं आणि मुलाच्या नावावर करून द्यायला ती राजी नव्हती, म्हणून तानबानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. शेवटच्या दृश्यात ती शिदोरी घेऊन धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभी राहते, औत हाकणाऱ्या मुलाला हाका मारते. तो मान वळवत नाही. मग ती कॅमेऱ्याकडे बघून हसते. "भाकर खाते माह्या हातची, पण ओ नाई देत."

हे कापलं तर उरतं काय? शरयूनं कापलं नाही.

बायकांनी केलेल्या चित्रपटांचा महोत्सव वर्ध्यात भरतो, हेच १९८४ साली पुष्कळांना थट्टेसारखं वाटत होतं. कॉलेजात शिकवणाऱ्या सुधाताईंनी तो हट्टानं भरवला होता. शाळेचं सभागृह, भाड्याचा प्रोजेक्टर आणि खिडक्यांना सतरंज्या. मुंबईच्या एक पाहुण्या आजचे खेळ बघून कुणा एकीच्या पुढच्या चित्रपटाला मदत करणार होत्या. शरयूकडे चित्रपटाची एवढी एकच प्रत होती. पहिल्या रांगेतली एक खुर्ची तिनं मनकर्णाबाईसाठी सकाळपासून अडवून ठेवली होती.

शेवटी धीर करून ती तानबापाशी गेली.

"नमस्कार, तानबाजी."

त्यानं हात जोडले नाहीत. डोक्यावरून तोंडापर्यंत दुपट्टा घट्ट गुंडाळला होता. पाय अनवाणी, धुळीनं भरलेले. भांडायला उठलेला माणूस पायात काही घालायचंही विसरतो, असं तिला वाटलं.

"आईंना नाही आणलं?"

"नाई."

"मी निरोप पाठवला होता."

"भेटला होता निरोप."

"मग तुम्ही येऊ दिलं नाही त्यांना?"

तो पडद्याकडे टक लावून बघत राहिला.

"तो तुकडा कापला काय?"

हो म्हणून टाकावं, असं तिला वाटून गेलं. "नाही," ती म्हणाली.

"कवा लागते?"

"आत्ता. लगेच."

"बसतो मंग."

खुर्ची दिली तर तीही नको. सगळ्यांपासून लांब, भिंतीशी, खाली फरशीवर बसला. नेमका प्रोजेक्टरच्या शेजारी.

सुधाताईंनी शरयूला बाजूला घेतलं. "ऐक माझं. शेवट आला की भिंगापुढे हात धर. मिनिटभराचा तर प्रश्न आहे."

"बाई खरं बोलली की भिंगावर हात ठेवायचा, तर हा महोत्सव कशाला भरवला, ताई?"

"आणि पडदा फाटला तर उद्याच्या मुलींनी चित्रपट कशावर दाखवायचे?"

शरयूला संताप आला. सुधाताईंचं म्हणणं खोटं नव्हतं, याचाच जास्त आला.

दिवे गेले. पडद्यावर मनकर्णाबाई आली, कापूस वेचू लागली, सरपंचाची नक्कल करू लागली. लोक पोट धरून हसले. मुंबईच्या पाहुण्याही हसल्या. शरयूचं तिकडे लक्षच नव्हतं. प्रोजेक्टरला टेकून ती तानबाच्या हातांकडे बघत होती. हे हात कधी उठतील, रीळ ओढतील की थेट पडद्याकडे धावतील? तानबा हसत नव्हता, हलतही नव्हता.

धुरा आला. शिदोरी घेऊन मनकर्णाबाई चालत आली.

तानबा उठला.

शरयूचा हात आपसूक भिंगापुढे गेला. पडदा काळा झाला. लोकांनी गलका केला. काळोखात नुसता आवाज घुमला, "तानबाऽ! ए तानबाऽ!"

"हात काढा, बाई."

"हे बघा, माझ्याकडे ही एकच प्रत..."

"काढा ना हात. दिसू द्या तिले."

त्यानं दुपट्टा सोडून तोंडाशी धरला. प्रोजेक्टरच्या फटींतून पडणाऱ्या उजेडात त्याचं डोकं चकाकलं. नुकताच वस्तरा फिरलेला होता, मिशीसुद्धा ठेवली नव्हती.

शरयूचा हात खाली आला. पडद्यावर मनकर्णाबाई कपाळाशी हात धरून लांबवर बघत होती. तिनं पुन्हा हाक मारली.

"तानबाऽ!"

"ओ, माय," तानबा म्हणाला.