टेंभुर्णीचा अख्खा सिनेमा

एकच सिनेमा मी आणि माझी बायको पुष्पा तीन गावांत बघायचो, कारण प्रत्येक ऑपरेटरची कात्री वेगळी होती. जालन्यात गाणी कापत, भोकरदनला रडारड. टेंभुर्णीच्या तंबूत मात्र अख्खा सिनेमा मिळे. तिथं पुरुष पडद्यापुढं बसत, बायका पडद्यामागं. त्यांना सगळं उलटं दिसे, तरी त्या आमच्यापेक्षा जास्त रडत.

एका वर्षी तिथला सिनेमा सुटल्यावर पुष्पा माझ्यापासून चार हात दूर चालत होती.

"काय झालं गं?"

"शेवटी पडद्यावरच्या त्या घरात तुम्ही गेलात. दार लावून घेतलं."

"मी? मी तर पुढं शेंगा खात बसलो होतो."

"आमच्या बाजूनं तुम्हीच होतात. बराबर हाच सदरा. बाहेर आलाच न्हाईत."

मी हसलो. "मंग आता तुझ्यासंगं कोण चाललंय?"

ती मागं वळून तंबूकडं बघू लागली.

जीप आली. मी आत बसून तिला हात दिला. तो न धरता ती ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, जरासं थांबता का? आमचे मालक मागं राह्यले."

ड्रायव्हरनं तंबूकडं पाहिलं.

"ते पळत येऊन राह्यले, तेच का ताई?"